तिसऱ्या ढिगाचा मालक

तो दगड हातात घ्यायचा, उन्हाकडे धरायचा, एक डोळा मिटायचा आणि जिभेचं टोक हळूच बाहेर काढून दगडाला लावायचा. आवळा किती आंबट आहे ते बघावं तसा. क्षणभर थांबायचा, मग मान हलवून म्हणायचा, "जा, जा."

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कुंपणाच्या अलीकडे उभा होतो. स्टुटगार्टला मुलाकडे येऊन मला आठवडाही झाला नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं, हातातला दगड उंच करून दाखवला आणि पुन्हा म्हणाला, "जा, जा." वर हातही हलवला. मी गेलो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला, ओळख ना पाळख, तोंडावर जा म्हणणारा दुसरा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. पुढे चार महिने मी त्या कुंपणाकडे पाठ करून बसलो.

तो आमचा शेजारी. त्याच्या घराचं मागचं अंगण आणि आमचं मागचं अंगण, मध्ये कमरेएवढं लाकडी कुंपण, त्याला एक फाटक. मुलगा त्याला 'हेर', म्हणजे इकडचं श्रीयुत, लावून आडनावाने हाक मारायचा. मी त्याला म्हातारा म्हणायचो. तो ऐंशीचा आणि मी त्र्याहत्तरचा, म्हणजे मला तो हक्क होता. सूनबाई म्हणायची, "आबा, वडीलधाऱ्या माणसाला 'तो' काय म्हणता?" बरोबर आहे तिचं. पण ज्याच्यावर माणूस जळतो त्याला 'ते' म्हणायला जीभ वळत नाही. तुम्हीही कोणावर तरी जळला असाल, तुम्हाला ठाऊक असेल.

जळण्याचं कारण सांगतो. आधी मी कोण ते सांगावं लागेल.

मी चौथी शिकलो. पाचवीच्या पुस्तकाला हात लागायच्या आत पहारीला लागला. पुण्याच्या बाहेर, तेव्हा जिथे नुसतं माळरान होतं, तिथल्या दगडखाणीवर मी पस्तीस वर्षं काढली. सुरुंगाची भोकं घेतली, घण मारले, पुढे मुकादम झालो. आमच्याकडे दगडाचे तीन ढीग असायचे. पहिला बांधकामाचा. दुसरा खडीचा. तिसरा टाकाऊ. तिसऱ्यात काय, तर ज्या दगडाच्या पोटात काच निघते, पांढरी, गुलाबी, कधी हिरवी, तो दगड. आम्ही तिला गार म्हणायचो. गारेची खडी टिकत नाही, दाबली की भुगा होते. गार दिसली की मुकादम ओरडायचा, "फेक ती तिकडे." पुढे मी मुकादम झालो तेव्हा मीही तसाच ओरडायचो.

आता ह्या म्हाताऱ्याच्या अंगणात काय होतं ते ऐका. पत्र्याची एक लांब शेड होती. तिच्यात फळांची खोकी, अंड्यांचे पुठ्ठे, जुन्या कपाटाचे खण, बादल्या, आणि त्या सगळ्यांत दगड. पन्नास वर्षं गोळा केलेले. बायको गेल्यावर त्याने ते लावायला काढले होते. प्रत्येक दगडाला एक खोका, प्रत्येक खोक्याला नंबर, प्रत्येक नंबरला शाईने लिहिलेली चिठ्ठी. माझी अख्खी हयात ज्या तिसऱ्या ढिगाला लाथ मारण्यात गेली, त्याला ह्या माणसाने कप्पे केले होते. आणि वरून मलाच जा म्हणत होता.

'जा'चा उलगडा झाला तो सूनबाईमुळे. एक दिवस ती फोनवर घरमालकीणबाईंशी बोलत होती. "जा, जा. गेनाऊ. जा." मी ऐकत होतो. फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "अगं, मालकीण आहे ती घराची. तिला असं सारखं जा जा करून हाकलतात का?"

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसता हसता खुर्चीत बसली. "आबा, इथे जा म्हणजे हो."

"आणि जायला काय म्हणतात?"

"ते वेगळं काहीतरी म्हणतात."

"मग तो शेजारचा म्हातारा मला..."

"ते तुम्हाला हो म्हणत असतील, आबा. या म्हणत असतील."

चार महिन्यांचा राग असा फुकट गेला. पण राग धरायची सवय झाली होती आणि हात रिकामा बरा वाटत नव्हता. शिवाय तोवर मला दुसरं कारण सापडलं होतं, आणि ते खरं होतं.

दर शनिवारी माझा मुलगा त्याच्याकडे जायचा.

मुलगा मोटारींच्या कंपनीत इंजिनियर. आठवडाभर दमलेला असतो, जेवताना चार शब्द बोलत नाही. पण शनिवारी दहा वाजले की फाटक उघडून पलीकडे. दोघं मिळून दगड लावायचे. म्हातारा विचारायचा, मुलगा वहीत लिहायचा. दोघांचं हसणं मला स्वयंपाकघराच्या खिडकीत ऐकू यायचं. मी एकदा विचारलं, "काय असतं एवढं तिकडे?"

तो म्हणाला, "आबा, दगड काय भारी असतात, तुम्हाला सांगून कळणार नाही."

मला. सांगून. कळणार नाही.

आता ह्यात चूक कोणाची ते मला माहीत आहे. मुलगा लहान असताना एकदा खाणीवर आला होता, तर मी त्याला तिथूनच परत पाठवला. म्हणालो, "पुन्हा इकडे दिसलास तर तंगडं मोडीन. वही धर." धुळीने छाती भरते, मी बघत होतो. त्याला दगडापासून लांब ठेवायला मी दगड फोडले. तो लांब गेला, पार जर्मनीला गेला, आणि इथे येऊन दुसऱ्याच्या अंगणात बसून दगड पुसायला लागला. म्हणजे माझी मेहनत वाया गेली नाही, पण फळ दुसऱ्याच्याच खोक्यात पडलं.

म्हातारा आयुष्यभर टपालखात्यात होता. आधी पत्रं वाटली, नंतर पत्रं वेगळी करण्याच्या टेबलावर बसला. त्यामुळे दगडही तो पत्रांसारखे लावायचा. पहिल्यांदा म्हणे रंगावरून लावले, मग कठीणपणावरून, ते काही मनास येईना. शेवटी गावावरून लावले. कोणताही दगड दाखवा, त्याचा पहिला प्रश्न एकच, "वोहेर?" म्हणजे कुठून. कुठून ते माहीत नसेल तर तो दगड कितीही देखणा असो, बाहेर टोमॅटोच्या वाफ्याच्या कडेला जायचा. मुलगा म्हणाला, "त्यांचं म्हणणं, पत्ता नसलेला दगड म्हणजे नुसती खडी."

मला मनातून हे पटलं होतं. मी ते कोणाला सांगितलं नाही.

त्याचा एक दगड मात्र शेडमध्ये नव्हता. तो घरात, खिडकीच्या आत, काचेखाली ठेवलेला होता. सकाळी ऊन आलं की आमच्या स्वयंपाकघरातून दिसायचा. खाली पांढरी गार, कापसाच्या बोंडासारखी, आणि तिच्यावर हिरवे खडे, टोकदार, पाण्यासारखे स्वच्छ. मुलगा म्हणाला, "आबा, तो नंबर दोनशे चौदा. ती त्यांची सगळ्यांत लाडकी. चिठ्ठीवर काय लिहिलंय माहिती आहे? पूना."

मी चहा खाली ठेवला. "आमची खाण आहे ती."

"पुण्याभोवती शंभर खाणी होत्या, आबा."

"हिरवी गार आमच्याच खाणीत निघायची."

"हिरवीगार?"

"हिरवी. गार. दोन वेगळे शब्द."

त्या दिवसापासून मी सकाळचा चहा त्या खिडकीसमोर प्यायला लागलो. आपली वस्तू दुसऱ्याच्या घरात नीट ठेवलेली बघणं ह्याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही. मोडकी ठेवली असती तर भांडता तरी आलं असतं.

उन्हाळ्यात म्हातारा डोळ्याच्या ऑपरेशनला आठवडाभर दवाखान्यात गेला. जाताना शेडची किल्ली मुलाला दिली, टोमॅटोला पाणी घाला म्हणून. इकडे एक पद्धत आहे, दर आठवड्याला एका घराची झाडण्याची पाळी येते. दाराला पाटी लटकवतात, आणि मग जिना, रस्त्याची कड सगळं त्या घराने झाडायचं. त्या आठवड्याला पाटी आमच्या दारावर होती. मुलगा आणि सून कामावर गेले की पाळी माझी. मी जिना झाडला, रस्ता झाडला, टोमॅटोला पाणी घातलं. अकराच वाजले होते. हातात पाण्याची नळी होती आणि समोर शेड उघडी.

आत धूळ होती. खोटं कशाला सांगू, फार नव्हती. पण मला दिसली. मी म्हटलं, बघू दे आता म्हाताऱ्याला, दगड साफ करणं म्हणजे काय. एकेक खण बाहेर काढला, फरशीवर मांडला आणि नळी सोडली. घासले, पुसले, उन्हात वाळवले. दगड कशाला पाण्याला भितोय. संध्याकाळी मुलगा आला तेव्हा अंगणभर दगड चमकत होते आणि मी कमरेवर हात देऊन उभा होतो.

तो वाकला, एक चिठ्ठी उचलली. शाई पसरून निळा ढग झाला होता. दुसरी उचलली. तीही. मग तो एका खोक्याजवळ गेला. त्यात सकाळी विटेएवढा पांढरा, चौकोनी, धारदार कडांचा खडा होता. आता साबणाची झिजलेली वडी होती.

"आबा, हे मीठ आहे."

"मीठ कसं असेल? दगड आहे तो."

"खाणीतलं मीठ आहे. इथेच पलीकडे खाण आहे. त्यांचे वडील त्या खाणीत कामाला होते. त्यांनी आणून दिलेला हा पहिला खडा. नंबर एक, आबा. ह्याच्यावरून त्यांनी जमवायला सुरुवात केली." मग तो थांबला आणि म्हणाला, "त्यांच्या वस्तूंना तुम्ही हात का लावलात?"

त्यांच्या. तो शब्द मला चावला. तरी मी म्हणालो, "धूळ होती."

म्हातारा परत आला तेव्हा एका डोळ्यावर पट्टी होती. मुलगा त्याला शेडमध्ये घेऊन गेला. मी फाटकाशी उभा राहिलो. पळून जाणं माझ्या स्वभावात नाही, आणि माफी मागणंही नाही, म्हणून मधे उभा. म्हाताऱ्याने मिठाचा खडा उचलला. उघड्या डोळ्याने सगळीकडून फिरवून पाहिला. बोटाने झिजलेली कड चाचपली. मग त्याने जीभ लावली.

"जा, जा," तो म्हणाला.

आणि खडा माझ्यापुढे धरला. मी मुलाकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, "चाखा म्हणतायत." मी जीभ लावली. खारट होता. पस्तीस वर्षं मी दगडाची धूळ खाल्ली, पण दगडाला चव असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हातारा जीभ का लावतो हे मी वर्षभर हसण्यावारी नेलं होतं. मीठ कोणतं आणि दगड कोणता, हे तो चवीवरून ओळखत होता.

म्हाताऱ्याने मुलाला काहीतरी सांगितलं. मुलगा हसू दाबत म्हणाला, "ते म्हणतात, पस्तीस वर्षं दगडात काम करून मीठ धुणारा माणूस त्यांनी पहिल्यांदा बघितला."

"त्याला सांग," मी म्हणालो, "आमच्याकडे मीठ दुकानात मिळतं."

मुलाने सांगितलं. म्हातारा इतका हसला की डोळ्यावरची पट्टी धरायला लागली.

माझ्यामुळे चिठ्ठ्या पुन्हा लिहायची वेळ आली. वहीत नोंद होती, पण कोणती नोंद कोणत्या दगडाची हे धुण्याच्या नादात मी पार कालवून टाकलं होतं. त्यामुळे शनिवारी मला बोलावणं आलं. शिक्षा म्हणा हवं तर. मी दगड हातात घ्यायचो, वजन सांगायचो, म्हातारा चाखायचा, मुलगा वही चाळायचा. वजनाच्या बाबतीत मी कधी चुकलो नाही. काट्यावर ठेवून बघायचा तो, आणि मग काटाच बाजूला ठेवला.

निघताना मी सवयीने "येतो" म्हणायचो. त्याने मुलाला अर्थ विचारला. मुलाने सांगितल्यावर त्याला कळेना, हा माणूस जाताना येतो कसा म्हणतो. मी म्हणालो, "ह्यांच्यात हो म्हणायचं तर जा म्हणतात आणि आमच्यात जायचं तर येतो म्हणतात. दोघांत शहाणा कोण ते तूच ठरव." त्याने तो शब्द घोकला. "येटो," म्हणायचा. त्याला त कधी जमला नाही.

एकदा एक राखाडी गोळा निघाला, मोठ्या बटाट्याएवढा. आत पोकळ असणार म्हणून म्हाताऱ्याने तो यंत्राच्या चकतीवर कापायला ठेवला होता. मी तो कानाशी धरला, नखाने वाजवला, चारी बाजूंनी. एका जागी आवाज बदलला. मी छिन्नी आणि हातोडी उचलली. तो म्हणाला, "नाइन, नाइन." म्हणजे नाही, हा शब्द मला कळत होता. तरी मी एक ठोका मारला.

गोळा दोन वाट्यांसारखा उघडला. आत जांभळं. एक कपचीसुद्धा उडाली नव्हती.

म्हातारा दगडाकडे बघायच्या आधी माझ्या हातांकडे बघत राहिला. ती नजर मी ओळखली. तीच घेऊन मी वर्षभर खिडकीत बसलो होतो. त्या दिवशी मला दोन पोळ्या जास्त गेल्या.

त्याच्या पुढच्या शनिवारी त्याने घरातून दोनशे चौदा आणली. काचेखालून काढून, दोन्ही हातांवर, टॉवेलात. समोर ठेवली आणि म्हणाला, "वोहेर?" म्हणजे मला विचारलं. त्याच्या चिठ्ठीवर नुसतं पूना होतं, आणि टपालवाल्याला नुसतं शहर पुरत नाही.

मी दगड उलटा केला. त्याने तो पन्नास वर्षांत दहादा उलटा केला असेल, पण बघितला नव्हता. मागच्या बाजूला एक पन्हळ होती, बोटभर रुंद, वीतभर लांब.

"हे सुरुंगाचं भोक," मी म्हणालो. "अर्धं. उरलेलं अर्धं दुसऱ्या तुकड्यावर गेलं. आणि हे हाताने घेतलंय. यंत्राचं भोक बांगडीसारखं गोल येतं. हाताचं येत नाही. पहारीवर घण मारायचा, पहार जराशी फिरवायची, पुन्हा मारायचा. त्यामुळे भोकाला तीन बाजू येतात. हात लावून बघा."

मुलगा सांगत होता, म्हातारा पन्हळीत बोट फिरवत होता. मग सांगता सांगता मुलगाच थांबला. "म्हणजे एक जण घण मारायचा आणि एक जण पहार धरायचा?"

"मग."

"घण तुम्ही मारायचात. पहार कोण धरायचं?"

मी म्हणालो, "तुझी आई."

तो वहीवरचं पेन उचलून बसून राहिला. त्याला हे माहीत नव्हतं. त्याच्या जन्माच्या आधीची गोष्ट, आणि तिनेही जिवंतपणी सांगितलं नसणार. पहार धरणारं माणूस विश्वासाचं लागतं. घण एक बोट चुकला तर मनगट गेलं. ती धरायची आणि डोळेही मिटायची नाही. पुढे भोकं घ्यायला कंप्रेसर आला, मग तिने ते काम सोडलं.

मुलाने हळूहळू, शब्द शोधत, ते म्हाताऱ्याला सांगितलं. म्हातारा ह्या वेळी जा जा म्हणाला नाही. त्याने बोट पन्हळीतून काढून घेतलं, एवढंच.

मग तो पत्ता विचारायला लागला. खाण कुठे, कोणत्या गावाच्या हद्दीत, रस्त्यापासून किती. मी सांगत गेलो. मुलाने फोनवर नकाशा काढला. मी बोट ठेवलं तिथे खाण नव्हती. बारा-बारा मजल्यांच्या इमारती होत्या, मध्ये पोहण्याचा तलाव. खाण बुजवून वर गाव वसलं होतं. म्हाताऱ्याने चष्मा लावून ते निळं चौकोनी पाणी बघितलं. त्याने जन्मभर पत्ते वाचले होते. पत्र आहे आणि घरच नाही, असंही त्याने बघितलं असणार.

त्याने नवी चिठ्ठी घेतली. पूना लिहिलं. खाली 'हिरवी गार' लिहिलं, त्याच्या लिपीत, माझ्याकडून दोनदा म्हणवून घेऊन. मग लिहिलं, हाताने घेतलेलं भोक, दोन माणसांचं काम.

"आणि नावं?" मी म्हणालो. "तिचं आणि माझं. लिही म्हणावं."

मुलाने विचारलं. म्हाताऱ्याने मान हलवली. "बेवाइस?"

"म्हणजे?"

"पुरावा," मुलगा म्हणाला. "आबा, ते म्हणतात हात दोघांचे होते हे दगड सांगतो. कोणाचे होते हे दगड सांगत नाही."

"मी सांगतो ना."

"त्यांच्याकडे पुराव्याशिवाय नाव लिहीत नाहीत, आबा. स्वतःच्या बायकोचंसुद्धा एका चिठ्ठीवरून त्यांनी खोडलंय."

मी उठलो. येतो न म्हणता फाटकातून बाहेर पडलो. मागून मुलगा म्हणाला, "आबा, असं काय करता." पण मी आलो घरी. तीन शनिवार गेलो नाही. माझ्या नावाचं मला फार नव्हतं, असं मी मुलाला सांगितलं. खरं तर ते अर्धं खरं होतं. तिचं नाव रेशनकार्डाशिवाय कुठे लिहिलं गेलं नव्हतं. तेवढी एक जागा निघाली होती, काचेखालची, उन्हातली.

आता इतक्या दिवसांनी तुम्हाला सांगतो, त्या खाणीवर आमच्यासारख्या वीस जोड्या होत्या. दुसऱ्या खाणींवर किती, देव जाणे. पण हे कबूल करायला मला तीन शनिवारांपेक्षा जास्त वेळ लागला.

चौथ्या शनिवारच्या आधीच, बुधवारी दुपारी, त्याच्या दारात गाडी आली. पायऱ्यांवर पडला होता म्हणे, कंबर दुखावली. दोन माणसांनी त्याला खुर्चीत बसवून बाहेर आणलं. मी अंगणात होतो. कुंपणाजवळून नेताना त्याने त्यांना थांबवलं, हात थोडा वर केला आणि म्हणाला, "येटो."

ह्याला उत्तर काय देतात तुम्हाला माहीत आहे. 'या' म्हणतात. एक अक्षर आहे. ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं, पण मला येत होतं. मी टोमॅटोकडे बघत उभा राहिलो.

दवाखान्यातून त्याला वृद्धाश्रमात नेलं. मुलगा दोनदा भेटून आला. मी पुढच्या शनिवारी येतो म्हणालो होतो. तो शनिवार यायच्या आधीच ते गेले.

आता मलाही ते म्हणायला हरकत नाही.

दगड त्यांच्या इच्छेप्रमाणे गावच्या संग्रहालयाला गेले. दोन दिवस माणसं खोकी उचलत होती. मी खिडकीतून मोजत नव्हतो, पण दोनशे चौदा गेली तेव्हा मला कळलं, सकाळी ऊन आलं आणि तिकडे काही चमकलं नाही. मुलगा नंतर जाऊन बघून आला. काचेच्या कपाटात मधोमध आहे, चिठ्ठी तीच आहे. दोन माणसांचं काम. वर संग्रह म्हणून त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत. मी विचारलं, "केवढं मोठं?" त्याने दोन बोटांत अंतर दाखवलं. मला ते जरा जास्तच वाटलं.

पत्र्याची शेड आता रिकामी आहे. टोमॅटोच्या वाफ्याच्या कडेचे बिनपत्त्याचे दगड तेवढे तिथेच आहेत. ते कोणी नेले नाहीत.

संग्रहालय बघून आला त्या दिवशी मुलाने एक पत्र्याचा डबा माझ्यासमोर ठेवला. "हे तुमच्यासाठी ठेवायला सांगितलं होतं." झाकण घट्ट होतं, कडेने मेण लावलेलं, ओल लागू नये म्हणून. आत टॉवेलात तो मिठाचा खडा. नंबर एक. खाली चिठ्ठी. वरच्या ओळी त्यांच्या अक्षरात, त्या मुलाने वाचल्या. कुठून, ते. कोणी काढला, वडिलांचं नाव. खालची ओळ मराठीत होती, मुलाच्या अक्षरात. त्यांनी सांगून लिहून घेतली होती, मला स्वतःला वाचता यावी म्हणून. मी बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचली.

'कडा झिजल्या. धुतला,' आणि पुढे माझं नाव. माझं, माझ्या बापाचं, आडनावासकट.

"ह्याला पुरावा होता म्हणे," मुलगा म्हणाला.

मी तो खडा दोन्ही हातांत घेतला. वजन बघितलं. उन्हाकडे धरला. जीभ लावली की तो तेवढा कमी होतो हे मला आता कळतं, म्हणून एकदाच लावली.

"कसा आहे, आबा?" मुलाने विचारलं. तो माझ्या शेजारी बसला होता, आणि त्या दिवशी शनिवार होता.

मी डबा त्याच्याकडे सरकवला. "तूच बघ. पण जपून. कुठून आला ते आधी विचार."

"कुठून आला?"

"जा, जा," मी म्हणालो, आणि सांगायला लागलो.